दारूबंदीची अध्यक्ष डोलते

वच्छलाबाईंनी गावातल्या मोहाच्या दारूच्या चार भट्ट्या फोडल्या होत्या, आणि आता गावच म्हणत होतं की बाई स्वतःच घेते. भर दुपारी चालताना त्या डाव्या अंगाला झुकायच्या, बोलताना जीभ जड व्हायची. एकदा तर विजेचा खांब धरून पाच मिनिटं उभ्या राहिल्या. दारूबंदी समितीची अध्यक्षच डोलायला लागल्यावर लोक गप्प बसतात थोडेच! उपाध्यक्ष मंदाबाईंनी बैठक बोलावली, तीही ऐन मे महिन्यात, दुपारी दोनला.

नागपूरच्या डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगितलं होतं, मल्टिपल स्क्लेरोसिस. मेंदूतल्या आणि मणक्यातल्या नसांचं आवरण झिजतं, अंग तापलं की निरोप पायापर्यंत नीट पोचत नाही. म्हणून ऊन टाळा, थकण्याआधी बसा, अंग गार ठेवा. हे सगळं वच्छलाबाईंनी बैठकीत सांगितलं खरं, पण उन्हातून आल्यामुळे जीभ अशी अडखळली की बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मंदाबाईंनी वच्छलाबाईंचा राजीनामा लिहूनच आणला होता, फक्त सही बाकी होती. वच्छलाबाईंना रडू आलं, त्याहून जास्त राग आला.

तेवढ्यात मागून तुलाराम उठला. गावातला सगळ्यात अनुभवी पिणारा. बैठकीला आला होता तो कूलरसाठी.

“मी वीस वर्सापासून पिऊन राहिलो,” तो म्हणाला. “हे दारूचं डोलणं नाही. आमच्या दोघायवर थंडं पानी टाका, अर्ध्या घंट्यानं चालवा. बाईचं उतरंल. माहं उतरत नाही, मी लय खेपा करून पाह्यलं.”

जाणकाराचा शब्द कोण मोडणार? दोघांच्या डोक्याखांद्यावर ओले दुपट्टे टाकून त्यांना कूलरपुढे बसवलं. अर्ध्या तासानं फरशीवर खडूची रेघ ओढली. वच्छलाबाई हळू, पण रेघेवरून चालत गेल्या आणि परत आल्या. जीभही मोकळी झाली होती. मग तुलाराम निघाला, तो रेघ सोडून थेट पाण्याच्या माठाला जाऊन भिडला. बायका पोट धरून हसल्या. राजीनामा मंदाबाईंनाच फाडावा लागला.

वच्छलाबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी तुलारामला हाताला धरून खुर्चीवर बसवलं.

“तुलारामभाऊ, तुमचे उपकार मी मरेपर्यंत विसरत नाही. आता सांगा, आजची कोणाजवळून आणली?”

तुलाराम इमानदार माणूस. त्यानं खिडकीतून मंदाबाईंच्या गोठ्याकडे बोट दाखवलं.

वच्छलाबाईंनी समितीचं रजिस्टर उघडलं. “उद्या सकाळी सहाले जाऊ, ऊन चढाच्या आत. मंदाबाई, तुम्ही पुढं राहा.”