बसल्याशिवाय बक्षीस नाही

मी एक जुनी घडीची तिवई आहे आणि मित्रांनो, जुनी असल्याची मला मुळीच लाज वाटत नाही. तीन पाय अक्रोडाच्या लाकडाचे, बैठक चामड्याची. जन्माने मी तुर्की. मराठी मला उतारवयात आली, ती कशी ते पुढे सांगते.

अंकारातल्या एका सुताराने मला नेरिमान नावाच्या विद्यार्थिनीसाठी घडवलं. ती वास्तुकला शिकत होती आणि तिचं एक खूळ होतं. उभ्याउभ्या पाहिलेली इमारत तिला कळतच नसे. ती मला एका कोपऱ्यात मांडायची आणि दिवस मावळेपर्यंत नुसती बघत बसायची. ऊन कुठून येतं, म्हाताऱ्या कुठे टेकतात, पोरं कुठे धावतात. वर्गातले सगळे हसायचे. तिने कुणाला भीक घातली नाही.

पुढे ती प्राध्यापक झाली, तिने पुस्तकं लिहिली आणि हेगच्या एका संस्थेने जगभरातल्या चांगल्या इमारतींना द्यायच्या पुरस्काराचा कारभार तिच्या हाती सोपवला. पहिल्याच बैठकीत तिने नियम केला: शेवटच्या फेरीतल्या प्रत्येक इमारतीत आपलं माणूस दिवसभर बसून आल्याशिवाय बक्षीस नाही. मग काय विचारता! मोरोक्कोतली शाळा, ढाक्यातलं हॉस्पिटल, पेरूतला बाजार, सगळीकडे माझी मांडामांड. नावाजलेले आर्किटेक्ट मला बघून नाक मुरडत, पण संध्याकाळ झाली की हळूच विचारत, "काय दिसलं?"

मग दोन हजार वीस साल आलं. विमानं थांबली. नेरिमान हेगशेजारच्या रायस्वाइकमध्ये आपल्या घरात अडकली आणि माझ्या डोक्यावर लॅपटॉप चढला. जिच्यावर बसून जग बघायचं, तिच्यावर आता पडद्यातले चौकोन बसले. माझ्या पायांवरची धूळही कुणी पुसेना. मला फार वाईट वाटलं.

पुढच्या वसंतात निर्णयाची बैठक आली. नेरिमानचं ते शेवटचं वर्ष, उन्हाळ्यात ती निवृत्त होणार होती. पाच इमारती उरल्या होत्या. परीक्षकांचे अध्यक्ष श्रीनिवास मुंबईहून बोलत होते. नेरिमानची सहकारी उत्तरा, मूळची पुण्याची, जवळच राहायची. तीही आपल्या स्वयंपाकघरातून बैठकीला बसली होती.

"आपण प्रॅक्टिकल होऊ या," श्रीनिवास म्हणाले. "फोटो आहेत, व्हिडिओ आहेत. व्होटिंग करून टाकू. नेरिमान, तुम्हाला रिकाम्या हाताने निरोप द्यायचा का आम्ही?"

दुसऱ्या दिवशी नेरिमानने लॅपटॉप खाली उतरवला आणि मला सायकलच्या कॅरिअरला बांधलं. पाचांतली एक जागा लायडनजवळ होती: कालव्याकाठचा चौक, वर मोठं छप्पर, चारी बाजू उघड्या. पासष्टी ओलांडलेली बाई तिथवर सायकल मारत गेली. हॉलंडमध्ये त्याचं कुणाला कौतुक नसतं.

फोटोत तो चौक ओकाबोका दिसे, म्हणून परीक्षकांनी त्याला तळाला टाकलं होतं. सकाळी तिथे खरंच कुणी नव्हतं. दुपारी पाऊस आला आणि त्याच्यामागून माणसं आली. एक आजोबा थर्मास घेऊन एका टोकाला बसले. त्यांची मुलगी आणि नात साथीमुळे अंतर राखून दुसऱ्या टोकाला. छपराची ठेवणच अशी की हळू बोललेलंही पलीकडे ऐकू जाई. नातीने आजोबांना गाणं म्हणून दाखवलं. नेरिमानचे डोळे भरून आले.

तिने हे सगळं बैठकीत सांगितलं तेव्हा श्रीनिवास खूश झाले. "मग ठरलं! लायडनलाच देऊ. तुमचा नियमही पाळला गेला." बाकीच्यांनी टाळ्याही वाजवल्या. तो चौक नेरिमानला किती आवडला होता, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? एक 'हो' म्हटलं की झालं होतं.

"नाही," ती म्हणाली. "तो घराजवळ होता, म्हणून मी बसू शकले. बाकीच्या चौघींनी काय गुन्हा केला? यंदा बक्षीस नाही."

"अहो, पण हे तुमचं शेवटचं वर्ष!" उत्तरा कळवळली.

"माझं शेवटचं. त्यांचं नाही."

अशी ती निवृत्त झाली. चामड्याला तेल लावून तिने मला उत्तराच्या घरी पोचवलं. "माझे गुडघे आता कुरकुरतात. तू बस." मराठी मी तिथेच शिकले, उत्तराचा नवरा अपूर्व माझ्यावर बसून बूट घालताना तिच्याशी बोलायचा, ते ऐकून. तेही दिवस काढले.

पुढच्या वर्षी वाटा मोकळ्या झाल्या. उत्तरा मला घेऊन उरलेल्या चारही ठिकाणी बसून आली, परीक्षकांनी निर्णय दिला आणि तिने फोन लावला.

"नेरिमानताई, लायडन नाही. सेनेगलचं प्रसूतिगृह."

पलीकडून लगेच प्रश्न आला.

"माझ्या चौकापेक्षा चांगलं आहे?"

"हो. खूपच."

"बघ! मी तेव्हा 'हो' म्हटलं असतं, तर त्या बायकांचं बक्षीस माझ्याच हाताने हिरावलं असतं," असं म्हणून नेरिमान मोठ्यांदा हसली. इतकी मोकळी हसताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

मित्रांनो, जुन्या तिवयांना अडगळीत टाकू नका, तेल लावा, वापरा. आणि एखादी गोष्ट जवळची आहे, आवडलेली आहे, एवढ्यावरच तिला पहिला नंबर देऊन मोकळे होऊ नका. लांबच्या दारातही एक दिवस बसून या. न्याय करायला तेवढा वेळ लागतोच.