ठिणगी जिंकली, त्याची कविता

ठिणगीच्या पुढच्या उजव्या पायाची कंडरा गरम लागत होती. मी दोन्ही पाय पुन्हा पुन्हा चाचपून पाहिले. सूज थोडीच होती, पण या पायावर ती रविवारच्या शर्यतीत पळाली असती तर कंडरा फाटण्याची भीती होती, आणि मग ती पुन्हा कधीच पळाली नसती. मी आत्याला तसं सांगितलं. घोडी तिची, आणि घोड्यांची डॉक्टर मी.

आत्याने कपाळाला हात लावला. "ती नाही पळाली तरी चालेल गं मला. पण त्या दगडाचं काय करू?"

दगडाची भानगड अशी. आत्याने मुलांच्या इस्पितळाला नवा विभाग बांधून दिला होता आणि शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी त्याचं उद्घाटन होतं. शर्यत संपली की लोक तिच्यापुढे माइक धरतात आणि ऐनवेळी तिला काही सुचत नाही. म्हणून ती दर शर्यतीआधी दोन कविता करून ठेवते, एक जिंकल्याची, एक हरल्याची. इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरांनी उद्घाटनासाठी कविता मागितली तेव्हा तिने जिंकल्याची दिली. त्यांनी ती कोणाला न विचारता संगमरवरात कोरून दाराशी बसवली.

दुपारी सगळे तिच्या दिवाणखान्यात जमले. ट्रेनरच्या मते बर्फ आणि पट्टीवर निभावलं असतं. मोठे डॉक्टर पाहुण्यांची यादी वाचत राहिले. बाबांनी, म्हणजे आत्याच्या धाकट्या भावाने, घोडी नुसती पळवावी, जिंकणं नशिबावर सोडावं, असा तोडगा काढला. हरली तर तो दगड तू गिळणार का, असं आत्याने विचारल्यावर त्यांनी आणखी एक चहा मागवला.

एवढ्याशा सुजेने काय होतंय, असा मोठ्या डॉक्टरांचा सूर होता.

"डॉक्टर, पाय सुजलेलं पोर तुमच्याकडे आलं तर त्याला पळवाल?" आत्या म्हणाली.

"ताई, ती घोडी आहे."

"तेच म्हणते मी. पोर निदान भोकाड पसरेल."

तिने ट्रेनरला नाव मागे घ्यायला सांगितलं आणि चप्पल घातली.

इस्पितळाच्या दाराशी पाथरवट थांबला होता. ठिणगी जिंकते त्या शेवटच्या चार ओळी घासून काढता येतील, असं तो म्हणाला. आत्याने त्या ओळींवर शाल धरली आणि वरचं वाचलं. सकाळचं ओलं मैदान, घोडीच्या नाकातून निघणारी वाफ, कुंपणाला लटकलेली मुलं. घोडी अजून निघालेलीच नव्हती. तिने शाल काढून सगळं वाचलं, पुन्हा झाकून वाचलं.

"कशी वाटते?" मी विचारलं.

"चांगली झालीये मेली," ती वैतागून म्हणाली. "इतकी वर्षं शेवटावर टाळ्या वाजवता. तो काढून टाक, असं कोणी एकाने तरी सांगायचं होतं."

मग पाथरवटाला सुरू कर म्हणाली, आणि ठिणगीच्या पायाला बर्फ लावायला मला घेऊन निघाली.