हिरव्या पुडीखालचं शिळं पान

मित्रांनो, मी एक जुनी मेमरीची पट्टी आहे. तैवानच्या तैनान शहरातल्या एका लहानशा इस्पितळात, सर्व्हरच्या पोटात माझा जन्म गेला. रुग्णांच्या फायली तळघरातली डिस्क सांभाळते. पण ती भारी संथ. एकदा वाचलेल्या पानाची नक्कल मी जवळ ठेवते आणि पुन्हा कुणी मागितलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत पुढे करते.

यंत्रांनी शहाण्यासारखं वागावं म्हणून आमच्याकडे त्यांच्यावर मक्याच्या खाऊची पुडी ठेवतात. यंत्राचा हिरवा दिवा म्हणजे सगळं ठीक, म्हणून ती हिरवीच हवी, आणि मुदत संपलेली तर मुळीच नको. यंत्रं सांभाळणारे यू वेन-चुंग दर महिन्याला तारीख बघतात.

पूर्वी मी दर मिनिटाला डिस्कला विचारत असे, पान बदललं का? त्यात वेळ जाई. वॉर्डातल्या नर्स लाय सू-फेन एकदा करवादल्या, "अहो यूदादा, तुमचं पान उघडेपर्यंत माझा चहा गार होतो!"

"थांबा ताई, पळवतोच त्याला," यू हसले आणि त्यांनी माझं डिस्कला विचारणं दिवसातून एकदाच, पहाटे ठेवलं. मी वाऱ्यासारखी धावू लागले. सगळ्यांनी वाहवा केली. मीही फुशारले, खोटं कशाला बोलू?

एके सकाळी डॉक्टरांनी दुसऱ्या यंत्रावरून सात नंबरच्या खाटेवरच्या कुओ आजींच्या पानावर लिहिलं, 'पेनिसिलिन देऊ नये.' नोंद थेट डिस्कवर पोचली. माझ्याजवळ पहाटेचीच नक्कल होती. दुपारी लायताईंनी पान मागितलं, मी तेच दिलं.

"आजी, कुठलं औषध सोसत नाही का?"

"मला काय आठवतंय, पोरी? तुझ्या त्या यंत्राला विचार की!"

पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं गेलं. संध्याकाळी खाट रिकामी झाली. माझ्या पानावर मात्र आजी दुसऱ्या पहाटेपर्यंत बऱ्या होत्या.

चौकशीत डिस्कवर नोंद सापडली. तोवर माझी नक्कलही ताजी झाली होती. "नोंद नव्हती हो तिथे!" लायताई रडून सांगत राहिल्या. त्यांची नोकरी गेली. मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं.

यूंनी पुडी बदलली, मुदत संपायला दोन महिने असूनही. "शहाण्यासारखं वाग रे बाबा," ते पुटपुटले.

मित्रांनो, खाऊची तारीख बघता तशी माझ्या नकलेचीही बघत जा. मी अजूनही डिस्कला दिवसातून एकदाच विचारते. आज सात नंबरवर नव्या आजी आल्या आहेत, आणि त्यांचं पान मी नुकतंच उतरवून घेतलं आहे.