कवीने इथवरच रचले

"पोरीवर ओरडू नका. जुडी बाकावर तुम्हीच ठेवली होतीत," हॅमंडची बायको इडनी म्हणाली.

हॅमंड काठीने धुण्याच्या टोपातून ती जुडी वर काढत होता. राखेच्या कढत पाण्यात तिची कातड्यावर लिहिलेली आठ पानं आतड्यासारखी आकसली होती. जुडी टोपात टाकणारी दीड वर्षांची मेबल बापाकडे बघून टाळ्या पिटत होती.

छापखाने नव्हते तेव्हाच्या लंडनमध्ये हॅमंड पुस्तकं हाताने नकलून देई. हे पुस्तक होडीसाठी खोळंबलेल्या प्रवाशांनी एकमेकांना सांगितलेल्या गोष्टींचं. मूळ प्रतीच्या सुट्या जुड्या दुकानदार ऑस्बर्ट त्याला घरी देई. गेली ती मीठवालीच्या गोष्टीची शेवटची जुडी. मीठवालीचं लेकरू जत्रेत हरवतं, ती गावोगाव शोधत फिरते. पुढचं हॅमंडने वाचलं होतं, पण उतरवायचं राहिलं होतं, आणि कवीच्या ओळी काही त्याला पाठ नव्हत्या.

"मालकांना खरं सांगा."

"काम जाईल, इडनी."

कवी वारून चार वर्षं झाली होती. हॅमंडने उरलेलं पान कोरं सोडलं आणि समासात लिहिलं : कवीने ही गोष्ट इथवरच रचली.

ऑस्बर्टने परत आलेल्या जुड्या दोनदा चाळल्या. "आणखी एक होती ना रे?"

"नव्हती, मालक."

"मग माझंच डोकं चळलं म्हणायचं," म्हातारा हसला. "तुझ्यावर उगीच संशय घेतला. राग धरू नकोस."

हॅमंडला त्याच्याकडे बघवेना.

पुढे मूळ प्रत उंदरांनी खाल्ली. हॅमंडचीच प्रत समोर ठेवून दुकानात नकला होऊ लागल्या; हॅमंडही आता तिथेच बसून लिही. दहा वर्षांची मेबल एका दुपारी बापासाठी पाव आणि खारवलेला मासा घेऊन आली, तेव्हा ऑस्बर्ट एका गिऱ्हाईकबाईंना मीठवालीची गोष्ट वाचून दाखवत होता. शेजारचा लेखनिक समासातलं ते वाक्य लाल शाईने, वेलबुट्टी काढून उतरवत होता.

"इथवरच," ऑस्बर्टने पान मिटलं. "बिचाऱ्याला पुढचं सुचलं नसावं."

मेबल बापाच्या बाकाला टेकली. "बाबा, तिला बाळ सापडतं ना?"

सापडतं. भाकरीला मीठ लावून खायच्या त्याच्या सवयीवरून ती त्याला ओळखते. हॅमंडच्या ते अगदी ओठांवर आलं. ऑस्बर्टही मान वर करून बघत होता.

"कवीने लिहिलंच नाही, बाळा."

"म्हणजे ती अजून शोधतेच आहे?"

हॅमंडने चाकू उचलला आणि टोकदार असलेलीच पिसाची लेखणी पुन्हा तासायला घेतली.