जोथाम पीस्लीचं मत

आमच्या टॅमरॅक हिल गावानं जोथाम पीस्लीला न्यू हॅम्पशर राज्याच्या एक्झिटरमधल्या सभेसाठी निवडलं, ते तो फार शहाणा होता म्हणून नव्हे. तो शब्द मोडत नसे, म्हणून. ओढ्यावर त्याची लाकूड कापायची गिरणी होती, आणि ज्या दिवशी फळ्या देतो म्हणाला त्या दिवशी त्या मिळत. मी तेव्हा गावचा कारकून होतो. १७८८च्या जानेवारीत गावसभेनं त्याला दिलेला हुकूम माझ्याच अक्षरात आहे: अमेरिकेच्या तेराही राज्यांसाठी फिलाडेल्फियात तयार झालेल्या नव्या राज्यघटनेच्या विरोधात मत द्यावे.

हा आग्रह इनॉक टिल्टनचा. इनॉक म्हणजे जोथामच्या थोरल्या बहिणीचा, मेहिटेबलचा नवरा. त्यांचा एकुलता एक मुलगा केलेब बेनिंग्टनला इंग्लंडच्या राजाच्या फौजेशी लढताना पडला होता. "एक राजा घालवायला मी पोरगा दिला," इनॉक सभेत म्हणाला, "दुसरा आणायला मत देणार नाही." हात भराभर वर गेले. माझाही.

फेब्रुवारीत जोथाम बर्फातून एक्झिटरला गेला, आणि परतला तो निराळाच होऊन. तिथं काही ठरलं नव्हतं. जूनमध्ये कॉन्कर्डला पुन्हा जमायचं होतं. कारण त्याच्यासारखे बरेच होते, गावानं हात बांधून पाठवलेले आणि तिथं ऐकून मन पालटलेले.

रविवारी प्रार्थनेनंतर इनॉककडं आम्ही जेवायला बसलो होतो.

"दाजी, मला गावाकडून मोकळीक हवीय," जोथाम म्हणाला. "माझ्या मनानं मत द्यायची."

इनॉकनं चमचा खाली ठेवला. "एक्झिटरला काय पाजलं तुला?"

"सफरचंदाची दारू. ती इथंही मिळते."

मेहिटेबलला हसू आलं. इनॉकला नाही. "आपल्या न्यू हॅम्पशरचं सरकार आहे ना? मग वर आणखी एक कशाला? एका घरात दोन कारभारी कसे नांदतील?"

"कारभारी दोन, पण मालक आपणच. दोघांना कामं वाटून दिलीत. लढाई, तह, नाणं, एका राज्याचा दुसऱ्याशी व्यापार हे वरच्याचं. आपल्या शाळा, रस्ते, जमिनीचे तंटे हे इथलं."

"आणि वरच्यानं इथल्या कामात हात घातला तर?"

"म्हणून तर त्याचेही तीन भाग केलेत. कायदे करणारे वेगळे, ते राबवणारा वेगळा, न्याय देणारे वेगळे. एकट्याच्या मनात आलं आणि केलं, असं कुणालाच जमणार नाही. राबवणाऱ्याला चार वर्षांनी पुन्हा निवडून यावं लागेल. राजा कधी निवडून आला होता, दाजी?"

तेवढ्यात मेहिटेबल म्हणाली, "मी माझ्या रीतीनं प्रार्थना करेन, शिपाई माझ्या घरात येऊन राहणार नाहीत, असं त्यात कुठं लिहिलंय का?"

जोथामनं मान खाली घातली. "नाही, ताई. नाही लिहिलेलं. मॅसॅच्युसेट्सनं होकार देताना सांगितलंय, की ते घाला. आपणही सांगू."

"आधी होकार आणि मागून अटी? गिरणीवर असा व्यवहार करतोस का तू?"

"नाही करत," तो म्हणाला.

मे महिन्यात गावसभा भरली. जोथामला भाषण जमत नसे. तो चाचरत बोलला आणि घाम पुसत बसला. मोकळीक द्यावी म्हणणारे एकोणतीस, देऊ नये म्हणणारे चौतीस. मी चौतिसांत होतो. जोथामचं मला पटलं होतं. पण इनॉक समोर बसला होता, आणि मला केलेबचा चेहरा आठवत होता.

जूनमध्ये मी त्याच्याबरोबर कॉन्कर्डला गेलो. मतदानाच्या दिवशी पोर्ट्समथचा एक व्यापारी त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "अहो, नावं पुकारतील तेव्हा बाहेर जेवत बसा. शब्दही मोडणार नाही आणि मनही मारावं लागणार नाही."

"गावानं मला मत द्यायला पाठवलंय," जोथाम म्हणाला, "जेवायला नाही."

त्याचं नाव पुकारलं. तो उभा राहिला, बाकाची कड धरून. "विरोधात," तो म्हणाला. शेवटी मोजणी झाली: बाजूनं सत्तावन्न, विरोधात सत्तेचाळीस. घटना लागू व्हायला नऊ राज्यं हवी होती, आमचं नववं.

परतीच्या वाटेवर मला राहवलं नाही. "मे महिन्यात मी तुझ्या विरोधात होतो," मी सांगितलं.

"माहीत आहे. तुझा हात दिसला मला."

"रागावलास?"

"रागावलो होतो. दोन दिवस." मग तो ओढ्याच्या पाण्याबद्दल बोलू लागला.

गाव मात्र पेटलं होतं. जुलैत सभा भरली तेव्हा इनॉक म्हणाला, "टॅमरॅक हिलनं नाही म्हटलंय. ते सरकार आम्ही मानत नाही." लोकांनी पाय आपटून साथ दिली.

जोथाम उठला. या वेळी तो चाचरला नाही.

"मे महिन्यात मी इथं पाच मतांनी हरलो. तेव्हा मी म्हटलं का, की ही गावसभा मी मानत नाही? मन मारून गेलो आणि तुम्ही सांगितलं तेच केलं. आता कॉन्कर्डला आपण दहा मतांनी हरलोय. हरल्यावर मी तुमच्याशी जसा वागलो, तसं तुम्ही त्यांच्याशी वागा. एवढंच माझं मागणं आहे."

तो स्वतःच्या मनाविरुद्ध मत देऊन आला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"आणि हक्कांचं काय?" इनॉकनं विचारलं. आवाज उतरला होता.

"मागायचे. कॉन्कर्डनं बारा दुरुस्त्या सुचवल्यात. आपलं पत्रही जाऊ दे."

मागच्या बाकांवर बायका बसत. त्यांना मत नव्हतं. तिथून मेहिटेबल म्हणाली, "शिपायांचं आधी लिहा." तिला कुणी गप्प केलं नाही. मी दौत उघडली. इनॉकनं एकच वाक्य माझ्याकडून चारदा खोडून घेतलं. बाहेर कापलेलं गवत उन्हात वाळत पडलं होतं आणि ते गोळा करायला कुणी उठत नव्हतं.

हक्कांची कलमं तीन वर्षांनी घटनेत आली. आमच्या पत्रानं आली असं मी म्हणणार नाही.

पुढच्या मार्चमध्ये गावानं जोथामला राज्याच्या विधिमंडळावर निवडून दिलं. या वेळी हुकूम काय लिहू, असं मी विचारलं, तेव्हा सभेत कुणी काही सुचवलं नाही. इनॉकनं मत दुसऱ्यालाच दिलं होतं, आणि त्याच रविवारी जेवताना त्यानं ते जोथामला सांगूनही टाकलं.