ढिगाचं पांघरूण

खताच्या ढिगाला पांघरूण घालायची शक्कल आक्कांची. थर रचून झाले की वरून त्या वीतभर जाडीची ताजी कोंबडीची विष्ठा थापायच्या, म्हणजे आतली ऊब बाहेर पळत नाही. ढीग तापायचाही असा, की पोटात हात घालायची सोय नसे. वीस वर्षं आवारात येईल त्याला त्या हे ऐकवत होत्या, आणि समोरच्यानं मान डोलावली नाही तर पुन्हा पहिल्यापासून.

त्यामुळे प्रयोगशाळेत काम करणारी भाची तपासणीचा कागद घेऊन आली आणि दोष पांघरुणातच आहे म्हणाली, तेव्हा आक्कांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

“आत्या, कोंबड्यांना अँटिबायोटिक्स देतात. त्यांना दाद न देणारे जंतू विष्ठेत उतरतात. ही ताकद त्यांच्या जनुकांत असते, आणि ती दुसऱ्या जंतूंकडेही जाते. ढिगाच्या पोटात उष्णतेनं ही जनुकं बरीच कमी झालीत. वरच्या थरात मात्र जशीच्या तशी आहेत. आणि शेवटी आपण सगळं एकत्र चाळतो.”

“ही तपासणी कुणी मागतं का?” धाकटा भाऊ म्हणाला. “नियमात सगळं बसतंय. दुपारी गिऱ्हाइकाचा ट्रक गोण्या न्यायला येतोय, आक्का.”

“या खतावरची पानं लोक कच्ची खातात, बाबा. उद्या कुणी आजारी पडलं आणि औषधच लागू पडलं नाही तर?”

आक्का उठल्या. तापमापीची सळई त्या नेहमी ढिगाच्या पोटात खुपसायच्या. आज वरच्या थरात चार बोटं तिरकी खोचली आणि थांबल्या. बाहेरच्या हवेइतकाच आकडा आला. वीस वर्षांत तिथे एकदाही बघितलं नाही, याची त्यांना भयंकर लाज वाटली. मग स्वतःचाच राग आला, आणि रागात त्यांचे हात नेहमीच जास्त चालत.

ट्रक रिकामा परत गेला. गोण्या फोडल्या. नवा ढीग रचायचा, बाहेरचं आत घेत तीनदा पालटायचा, पाच जागी तापमान मोजायचं आणि वर पांघरूण पूर्ण तापून तयार झालेल्या खताचं, असं ठरलं. भाऊ तोंड पाडून का होईना, फावडं घेऊन आला. पण आक्कांनी फोन उचलला तसा तो आडवा आला.

“आधीचं गेलं ते गेलं. लोकांना सांगत सुटलीस तर तुझं नाव धुळीला मिळेल.”

“माझंच आहे ना? मिळू दे.”

पहिला फोन शाळांना पालेभाजी पुरवणाऱ्या बागवाल्या बाईंना. आक्कांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. उरलेल्या गोण्या वापरू नका, हे खत घातलेल्या वाफ्यातली पानं कच्ची देऊ नका, चूक माझी आहे.

बाई गोंधळून म्हणाल्या,

“अहो आक्का, पण पांघरूण घालायला तुम्हीच तर शिकवलंत. आता मी घरच्या ढिगालाही घालते. आणखी चौघींना शिकवलंय.”

आक्कांनी पेन्सिल ओढून घेतली.

“त्या चौघींचे नंबर सांगा,” त्या म्हणाल्या. “आणि त्यांनी कुणाकुणाला शिकवलं, तेही विचारून ठेवा.”