तुलनेचं गाव

मंगळवारी सकाळी सव्वादहाला रिगमोर टोलस्ट्रुपची गाडी न्योरक्लिटमध्ये तूए बुंडगोरच्या घरासमोर थांबली.

सहा वर्षांपूर्वी सरकारने पश्चिम जटलंडमधल्या आसपासच्या गावांना पैसे दिले होते. डुकरं कमी करा, वाटाणा आणि घेवडा पेरा, त्यातून नवं अन्न तयार करा, अशी योजना होती. न्योरक्लिटला मुद्दाम काहीच दिलं नव्हतं, कारण तुलनेसाठी एक गाव मोकळं हवं होतं. योजनेने खरंच काय बदललं, हे आता रिगमोरला ठरवायचं होतं. पहिल्या पाहणीलाही ती इथे आली होती. तेव्हाचे तिचे साहेब सभागृहात एवढंच म्हणाले होते, "तुम्ही आहात तसेच राहा."

"या बाई! सरकारला आमची आठवण झाली म्हणायची," तूए म्हणाला. "शेजारच्या गावात घेवड्याचे कबाब खाऊन आलात ना? इथे खरं खायला मिळेल."

राय धान्याच्या पावावर कलेजीचा लेप होता, सोबत कॉफी. रिगमोरच्या कपाच्या कानाचा टवका उडालेला होता. तो तिला आठवत होता.

"अजून तोच कप?"

"तो फुटला. हा नवीन आहे. टवका मी कानशीने काढला, बरोबर जागेवर." तूएच्या आवाजात अभिमान होता.

तिला हसू आलं, पण तो हसत नव्हता.

"एवढी मेहनत कशाला?"

"आहोत तसंच राहायचं, हे हात वर करून ठरलंय, बाई. तुमचे साहेब गेले त्याच संध्याकाळी. एकदा सभागृहात ठरलं की ठरलं."

खिडकीशी एक बाई विणत बसली होती. अंगात इंगरचा निळा स्वेटर, केस इंगरसारखे मागे बांधलेले. इंगर तूएची बायको. मागच्या वेळी तिने रिगमोरला आग्रहाने केकचा तिसरा तुकडा वाढला होता. तेव्हाच ती साठीची होती. ही बाई पंचविशीची असावी.

"इंगर, बाईंना केक दे," तूए म्हणाला.

बाईने केक दिला आणि तिसऱ्या तुकड्याचाही आग्रह केला.

डुकरांचा गोठा दाखवायला तूए पुढे गेला, तेव्हा ती अंगणात रिगमोरच्या जवळ आली.

"मी सिसे. त्यांची पुतणी. काकू दोन हिवाळ्यांपूर्वी गेली. मी मातीला आले होते, तेव्हा काका म्हणाले, पाहणी होईपर्यंत थांब. माणूस गेलं की इथे अंगणातला ध्वज अर्ध्यावर आणतात, तोसुद्धा आणला नाही कुणी. पुरलं पहाटे."

"आणि गाव काहीच बोललं नाही?"

"शेजारच्या ओलुफच्या घरी पण त्याची आई आहे. खरं तर ती त्याची मेहुणी." सिसेने मागे पाहिलं. "सोमवारी ऑर्हुसला माझा नर्सिंगचा वर्ग सुरू होतो. पाहणी संपली असं एकदा त्यांना सांगा. तुमचं ऐकतील. माझ्या सांगण्याने सोडणार नाहीत."

रिगमोरने गाडीत बसून कार्यालयात फोन लावला. तिचे सध्याचे साहेब, क्रेस्टेन, खूश होते.

"असं स्वच्छ तुलनेचं गाव देशात नसेल! काही हललंच नाही, म्हणून बाकीच्या गावांतला बदल लख्ख दिसतो. योजनेची पुढची चार वर्षं मंजूर झाली त्याच जोरावर. गावात मात्र याबद्दल अवाक्षर काढू नकोस."

"क्रेस्टेन, इथे मेलेल्या माणसांच्या जागा भरल्या जातायत."

"लोकसंख्या स्थिर आहे, असं लिही."

ती खाली उतरली. तूए गोठ्याच्या दारात उभा होता.

"पाहणी संपली, तूए. मोकळे झालात. सिसेला मी घेऊन जातेय."

"कोण सिसे?"

"तुमची पुतणी."

"सभा घ्यावी लागेल," तो म्हणाला. "हात वर झाले पाहिजेत."

सिसे निळा स्वेटर पायरीवर घडी करून ठेवून गाडीत बसली. त्यांना कुणी अडवलं नाही. गावाबाहेर पडताना सभागृहाच्या खिडक्यांत माणसं दिसली. सगळ्यांचे हात खालीच होते.

न्योरक्लिट तुलनेला चालणार नाही, असा अहवाल रिगमोरने लिहिला आहे. अजून पाठवलेला नाही. सोमवारी सिसे वर्गात हजर झाली. गुरुवारी दुपारी रिगमोरने तिला फोन केला, तेव्हा ती ऑर्हुसच्या वसतिगृहात जेवत होती. तो ठेवून लगेच रिगमोरने तूएच्या घरी फोन लावला.

फोन एका बाईने उचलला.

"इंगर बोलतेय," ती म्हणाली. "परत कधी येताय? केकचा तिसरा तुकडा राहिलाय तुमचा."